झाकणं

ऑक्टोबरातला बुधवार.
मैदानावर आता क्रिकेटवाल्यांचा रोलर फिरतोय,
आणि साल्वूच्या स्वयंपाकघरात, टेबलावर
बियरची चव्वेचाळीस झाकणं,
प्रत्येकावर मार्करने नंबर.
ही आमची लिस्ट.
क्लबाने आम्हाला विचारलेलं नाही.
आजवर कधीच विचारलेलं नाही.

साल्वू म्हणतो, क्विनेल देऊन टाका.
वय एकोणतीस, गुडघ्यात दोनदा सुरी फिरलेली,
उंची ताडासारखी, पण उडी अशी
की बुटांखालून जेमतेम वर्तमानपत्र सरकेल,
तेही घडी न घातलेलं.
पर्थवाले पिक सत्तावीस द्यायला बसलेत.
आवळा देऊन कोहळा मिळतोय,
तुला कळत कसं नाही?

मी म्हणतो, कोहळा अजून वेलावर आहे.
पिक सत्तावीस म्हणजे कोण?
मॅलीकडच्या गव्हाच्या गावातलं एखादं पोरगं,
ज्याचा बारावीचा गणिताचा पेपर अजून व्हायचाय,
ज्याने मिशी आजवर एकदाच काढली,
तीही मावसबहिणीच्या लग्नाला.
आणि मध्यभागी चेंडू वर उडेल
तेव्हा त्याच्याखाली उभं कोण राहणार? तू?

डोरियान, साल्वूची मुलगी,
लॅपटॉपमधून मान वर न काढता:
माझ्या कोष्टकात तुम्ही दोघंही चुकता.
क्विनेलचा करार दोन वर्षांचा आहे.
पगाराचा अर्धा भार आपणच उचलायचा
आणि माणूस त्यांनी वापरायचा,
याला ट्रेड नाही, पोटगी म्हणतात.

सेन्साबाई भट्टीतून पस्तिझ्झीचा ट्रे काढून येते,
सरका, म्हणते,
आणि कोपराने अख्खी मधली फळी
फळांच्या टोपलीपर्यंत ढकलून
ट्रे टेबलावर ठेवते.
इतकी निर्दय लिस्ट मॅनेजर
या शहरात एकाही क्लबकडे नसेल.

खरं सांगायचं तर
लिस्ट हा शब्द मला सोसत नाही.
कारखान्यात एका सोमवारी
कँटीनच्या दाराला एक डकवली होती. तीन पानी.
माझं नाव पहिल्या पानावर.
साल्वूचं कुठल्याच पानावर नाही.
त्यानंतर सहा महिने
आम्ही दोघं फक्त फुटीबद्दल बोललो.
दुखरे गुडघे, वाऱ्याची दिशा, रविवारचे पंच.
तो दर शुक्रवारी न चुकता गाडी घेऊन दाराशी यायचा,
तिकिटं त्याने काढलेली असायची,
आणि मी पैसे देऊ लागलो
की याला स्कोअरबोर्डच दिसायचा.

साडेसातला ट्रेडची खिडकी बंद.
सात सव्वीसला रेडिओवरची बाई नाव घेते:
डॅलबी.
चौदा नंबर. वय एकवीस.
ज्याच्याबद्दल आम्ही संध्याकाळभर
एक अक्षर काढलं नव्हतं,
इतका तो आमचा होता.
ॲडलेडला जायचंय त्याला, आईजवळ.
बदल्यात दोन पिक, त्यातलं एक पुढच्या वर्षीचं,
म्हणजे जो अजून दहावी-अकरावीच्या बाकावर
कुणाच्या तरी वहीतलं उतरवून घेत असेल.

चौदा नंबर शोधतो तर मिळेना.
डोरियान टेबलाखाली वाकते,
सेन्साबाई एप्रन झटकते.
शेवटी साल्वू ट्रे उचलतो:
चौदा तिथेच, पत्र्याला चिकटलेला, ऊन ऊन.
तो झाकण या तळहातावरून त्या तळहातावर घेत राहतो.
टेबलावर ॲडलेड कुठे असतं
हे आम्ही ठरवलंच नव्हतं.
मग ते खिडकीत ठेवतो,
तुळशीच्या चुलतबहिणीसारख्या
त्या बेसिलच्या कुंडीपाशी.

क्विनेल मघापासून माझ्या खिशात होता.
मी हळूच त्याला मध्यभागी परत ठेवला.
साल्वूने पाहिलं.
काही बोलला नाही,
दोन बाटल्या उघडल्या.
झाकणं टेबलावर गरगरली,
एक लवकर थांबलं, एक उशिरा.
नंबर कुणालाच नव्हता अजून.