सातच्या जरा अलीकडे

भुसावळला रऊफभाईंच्या भंगारात
रेडिओ वजनावर जातो.
तांबं वेगळं, ॲल्युमिनियम वेगळं,
काचेला भाव नाही म्हणून व्हॉल्व्ह आधीच फोडायचे.
मी दर बुधवारी जातो, फुटायच्या आत.
"भंगाराचे फोटो काढतो म्हणे,"
त्यांचा पोरगा चहावाल्याला सांगतो,
आणि दोघं माझ्याकडे बघतात
वरात पुढे गेल्यावरही नाचत राहिलेल्या माणसाकडे बघावं तसं.

तिथेच कळलं, सावद्याला एक संच आहे.
विकायचा की नाही, ठाऊक नाही.

सावद्याला केळीचे ट्रक भरत होते.
रस्ताभर पानं, चिकाचे काळे डाग,
आणि ऊन असं, की कॅमेरा
ओल्या पंचात गुंडाळून नेलेला.
द्वारकाताई फेगडे. वय सत्तरीपुढचं.
"फोटो काढा. पण त्याले हलवू नका.
दादांनी ठेवला तसाच आहे तो."

लष्कराच्या लिलावातला रिसीव्हर,
शेजारी दादांनी स्वतः बांधलेला ट्रान्समीटर.
डालड्याचा डबा कापून, ठोकून सरळ केलेला पत्रा,
त्यावरचं झाड आतल्या अंगाला वळलेलं, अजून हिरवं.
कॉइल खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर.
आणि मोर्सची की, पितळी,
तिच्या काळ्या गोळ्याला
बोटाएवढा खळगा.

मी फ्लॅश वापरत नाही.
घर पासपोर्ट फोटोंवर चालतं माझं,
फ्लॅशनं माणसं कशी दचकतात ते रोज बघतो.
खिडकीला ताईंचं पांढरं पातळ बांधलं,
तिपाई लावली, डायलवर भिंग धरलं,
तेव्हा दिसला पेन्सिलीचा ठिपका.
सातच्या जरा अलीकडे.
संच तापला की काटा सरकत असणार.
छापील आकड्याशी दादा भांडले नाहीत,
शेजारी आपला ठिपका दिला.

बिस्किटांच्या डब्यात कार्डं होती, देशोदेशींची.
व्ही यू टू, पुढचं एक अक्षर शाबूत,
दुसरं कसरीनं खाल्लेलं.
पर्थहून कुणीतरी निळ्या शाईत विचारलंय,
सावदा नक्की कुठे आहे?

"आम्हाला वाटायचं, रात्रीचं टायपिंग चालतं,"
चहा ठेवता ठेवता ताई म्हणाल्या.
"जळगावच्या दवाखान्यात बोलणं गेलं त्यांचं.
मग खाटेच्या लोखंडावर बोट वाजवत राहायचे.
डॉक्टर म्हणाले कंप आहे. गोळी दिली."
कसं वाजवायचे, मी विचारलं.
त्यांनी स्टीलच्या ग्लासावर अंगठीचं बोट धरलं.

लांब. आखूड. लांब.

मग बराच वेळ काही नाही.

लांब. आखूड. लांब.

मला मोर्स फारसा येत नाही.
माझा छंद वस्तूंचा, भाषेचा नाही.
पण एवढं एक अक्षर येतं.
निरोपाच्या शेवटी देतात ते.
म्हणजे, माझं झालं. आता तू बोल.

सांगावं की नाही, या विचारात
तिपाईचा स्क्रू दोनदा आवळला.
मग सांगितलं.
ताईंनी ग्लास पालथा घातला.
"तीन दिवस," म्हणाल्या,
"तीन दिवस आम्ही तो हात धरून ठेवला.
हलू नये म्हणून."

संच मी मागितला नाही.
एकोणतीस फोटो घेतले, निघायची आवराआवर केली,
तर ताई म्हणाल्या, अजून एक काढा,
आणि खळग्यात आपलं बोट ठेवलं.
वीज नव्हती, वायर कधीच उंदरांनी कुरतडलेली.
की नुसती कट् म्हणाली, पितळेवर पितळ.
शटर तीन सेकंद उघडं होतं.

फोटोत पितळेचा पाया लख्ख आहे,
त्याचे स्क्रू मोजता येतात.
बोटाच्या जागी धुरकट काहीतरी.
ताईंनी दाबलं ते लांब की आखूड,
फोटोवरून कळत नाही.