न विकल्याचं कारण

दर शनिवारी मुख्य कचेरीतून कागद येतो:
गिऱ्हाईक आलं, पाहिलं, घेतलं नाही.
कारण लिहा. दोन ओळींत.
मी टॉइव्हो लाहती, डुलूथ शाखा, टीव्ही विभाग.
अकरा वर्षं झाली,
दोन ओळी मला कधी पुरल्या नाहीत.

भिंतीवर दोन पडदे, सवतींसारखे
शेजारी असून एकमेकींकडे न बघणारे.
एकीखाली निळ्या डब्या, एकीखाली लाल.
दोघींकडे बेडूक एकच,
ओल्या पानावर, इतका लख्ख
की पाठीवरचे थेंब मोजता यावेत.
मी मोजलेत. जानेवारीत काम काय असतं?
एकोणचाळीस.
निळ्यातही, लालमध्येही.

ऑर्विल हाउगेन आला, गोदीतून निवृत्त,
बुटांचा बर्फ माझ्या गालिच्यावर झाडत.
"या दोघांतलं पुढच्या वर्षी जिवंत कोण?"
म्हटलं, कंपनीचं म्हणणं असं आहे की...
"कंपनीचं राहू दे. तुझ्या घरी कुठलं आहे?"
मी रिमोट पुसत राहिलो.
"माझ्या तळघरात एक बीटामॅक्स आहे," तो म्हणाला,
"चांगलं तेच टिकतं, असं सांगून विकलेलं.
आयुष्यात एकदाच मी सगळ्यांच्या आधी शहाणा झालो,
ते अजून तिथंच पडलंय, फडक्याखाली."
चार बॅटऱ्या घेऊन गेला.

मग ते नवरा-बायको, कडेवर पोर.
"आमच्या टीव्हीवर फरक दिसेल?"
केवढा टीव्ही? सत्तावीस इंच.
सोफा किती लांब? नऊ फूट असेल.
नऊ फुटांवरून बेडूक तो बेडूकच.
हे मी बोललो नाही, पण
माझ्या तोंडावर ते लख्ख दिसलं असणार.
पोरानं जॅमचं बोट लाल डबीवर उमटवलं.
एकोणतीस डॉलरचा साधा डीव्हीडी प्लेयर गेला,
आणि डबी मी बाहीनं पुसली.

संध्याकाळी, दुकान बंद व्हायला वीस मिनिटं असताना,
एल्वी रांतानेन.
पावाच्या पिशवीत गुंडाळलेली एक टेप.
"यातलं कुठलं यंत्र ही चालवेल?"
कुठलंच नाही, बाई.
पण मागे, परत आलेल्या मालाच्या खोलीत
एक जुनं धूड आहे, त्याला मी जोडलं
दुकानातल्या सगळ्यात मोठ्या पडद्याला.

मुंग्या. खरखर. मग पांढरं तळं,
उलट्या बादलीवर बसलेला माणूस, पाठमोरा,
बर्फातल्या भोकात दोरी सोडून.
तेरा मिनिटं. टोपीची पाठ,
मध्येच श्वासाची वाफ,
कॅमेऱ्यामागून तिचं तरुण हसू.
"आता वळेल," ती म्हणाली.
वळला नाही. टेप संपली.
"दर वेळी वाटतं," ती म्हणाली,
पिशवीला पुन्हा तीच गाठ मारत.

जाताना बेडकासमोर जरा थांबली.
चष्मा वर केला, खाली केला.
"बिचारा," म्हणाली,
"किती जवळ जाऊन बघतात त्याला."

कागदावर मी लिहिलं: किंमत.
वरच्यांना तो शब्द आवडतो.
त्यावर त्यांना काहीतरी करता येतं.
खाली एक ओळ उरली होती, तिच्यावर
पेन टेकवून उभा राहिलो
आणि शाईचा एक ठिपका तेवढा झाला.

दिवे घालवले. बाहेर तळ्यावरून
वारा दाराची रबरी पट्टी वाजवत होता.
पडदे शेवटी बंद करायचे असतात.
सवयीनं पुन्हा मोजले.
एका पडद्यावर चाळीस भरले.
कुठल्या, ते मी कुणाला सांगणार नाही.