उसवण

गुरुवारचे शेवटचे दोन तास माझे.
चौतीस मुलं, सात कात्र्या,
एक पायमशीन, तिचा पट्टा सुतळीने बांधलेला.
पुस्तकात धडा आहे: वस्त्र आणि पर्यावरण.
खाली पाच गाळलेल्या जागा.
मी पुस्तक मिटलं. म्हटलं, चला समुद्रावर.

चोरकोरचा किनारा. जाळं ओढणारे कोळी हसले,
"मादाम, मासळीला उशीर झाला,
आज जीन्सच लागल्यात."
वाळूतून एक बाही वर आली होती.
मुलांनी धरून ओढली,
तर बाहीत पायजमा अडकलेला, पायजम्यात गळपट्टा,
गळपट्ट्यात कुणाची ब्रा (मुलं लाजली, मग खिदळली),
बारा जण ओढून दमले
आणि तो दोर काही संपेना.

प्रत्येकाने एकच घ्यायचं, मी सांगितलं.
जे अजून कापड आहे ते.

आक्रात या कपड्यांना म्हणतात
मेलेल्या गोऱ्याचे कपडे.
जुन्या माणसांना वाटायचं,
माणूस गेल्याशिवाय इतकं धड कापड
टाकेल कोण?
लोक याला भाबडेपणा म्हणतात.
मला तो सभ्यपणा वाटतो.

पुढच्या गुरुवारी धुतलेले कपडे बाकांवर.
आता उसवा.
काय तो आनंद! टराटर दोरे,
कॉलर, कॉलरची पट्टी, कफ, खिसा, मुंढे,
चाळीस मिनिटांत चौतीस कपड्यांची चौतीस ढिगारी.
मग मी म्हटलं,
आता शिवा. होतं तसं.

पहिल्यांदाच त्या वर्गात
मला समुद्राचा आवाज ऐकू आला.

पाच आठवडे लागले.
आधी कच्चा धावदोरा, मग उलटी टीप,
सुईच्या नेढ्यावरून दोन भांडणं,
रक्ताचे ठिपके, ते लपवायला खडू.
कुणीतरी विचारलं, हे मूळ जिने शिवलं
तिला किती मिळाले असतील?
मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं.

ओकाइले मात्र शिवत नव्हती.
तिची आई कान्तामान्तोच्या बाजारात गठ्ठे फोडते,
उधारीवर घेतलेला गठ्ठा,
वरचे चार शर्ट चांगले निघाले तर घरात मासे,
नाहीतर नुसती कासाव्हाची पेज.
"मादाम, गठ्ठे यायचे थांबले
तर माझी फी?"
सगळ्या सुया थांबल्या.
पुस्तकातली एकही गाळलेली जागा
तेवढी मोठी नव्हती.
मी तिच्या शेजारी बसले आणि तिच्या शर्टाला
दोन बटणं लावली. उत्तर म्हणून नाही.
हात रिकामे होते म्हणून.

नी क्पाक्पोच्या शर्टाला, कॉलरच्या आत,
एक नावाची पट्टी होती.
निळ्या दोऱ्याने, हाताने, बारीक टाके:
लोट्टे व्ही.
कुठल्याशा थंड गावातली शाळकरी मुलगी असावी.
सगळं उसवलं त्याने, तेवढं राहू दिलं.
"हे मशीनने नाही केलेलं," म्हणाला,
"कुणीतरी बसलं होतं यासाठी."

सत्र संपलं. नंतर कळलं, पठ्ठ्याने शर्ट विकला.
लॉरी स्टेशनवर, बारा सेडींना.
मी भडकले. एवढं सगळं शिकवलं ते यासाठी?
त्याने कंपासपेटी उघडली.
प्रोट्रॅक्टरखाली ती निळी पट्टी.
"शर्ट मी शिवला, तो विकला.
हे तिच्या आईचं काम.
त्याचे पैसे मी कसे घेऊ?"

मी गप्प.
त्यालाच ते गप्प असणं सोसवेना बहुतेक.
"उजवी बाही उलटी लागली होती, मादाम.
गिऱ्हाइकाच्या लक्षात नाही आलं."
तुझ्या आलं ना?
"हो," तो म्हणाला,
आणि खडू घेऊन फळ्याशी गेला,
मुंढ्याचा गोल
पुन्हा पहिल्यापासून काढू लागला.