दोन, एक, चार

गॅरेजात आणली की ती कधीच बंद पडत नाही.
एव्हर्ट म्हणतो, पुलावर पडते,
पीटे नदीच्या पुलावर, ऐन मध्यावर,
मागे ओंडक्यांचा ट्रक असताना.
इथे मात्र मांजरीसारखी गुरगुरते,
आणि एव्हर्ट टोपी हातात चुरगाळत उभा राहतो
जणू खोटं तोच बोललाय.

एकोणीसशे ब्याण्णवची व्होल्व्हो.
सीटवर रेनडिअरचे केस, डिक्कीत फावडं, वाळूची गोणी.
बाहेर उणे चोवीस.
आर्विड्सयाउरमध्ये उजाडायला अजून तास आहे.

हल्लीच्या गाड्या पडद्यावर लिहून देतात काय दुखतंय ते.
हिला लिहिता येत नाही.
बॉनेटखाली कोपऱ्यात काडेपेटीएवढा काळा डबा,
त्याला एक शेपटी, सहा भोकं, एक बटण,
आणि मसुराच्या दाण्याएवढा लाल दिवा.
शेपटी दुसऱ्या भोकात खुपसायची.
किल्ली फिरवायची, पण इंजिन चालू करायचं नाही.
बटण दाबायचं, सोडायचं.
मग गप्प बसायचं.

दोनदा लुकलुकतो.
थांबतो.
एकदा.
थांबतो.
चारदा.

उघडझाप कुणीही मोजेल.
मधलं थांबणं मोजायला मला दोन हिवाळे लागले.
ते निसटलं की दोन आणि एकचे तीन होतात
आणि गिऱ्हाईक भलत्याच भागाचे पैसे भरतं.
म्हणून मी तीनदा बघते.
एव्हर्टही मोजतो, ओठांतल्या ओठांत.

दोन, एक, चार.
वहीचं पान तेलाने पारदर्शक झालंय, तरी वाचता येतं:
इंजिन फिरल्याची खबर अधूनमधून पोचत नाही.
बस. का पोचत नाही, ते वहीत नाही.
गावाचं नाव कळलं,
आता घर शोधत हिंडायचं.

"पंप नवा घातलाय," एव्हर्ट म्हणतो,
"ल्युक्सेलेत. रिलेसुद्धा. चार हजार क्रोनर."
चोर सोडून संन्याशाला सुळी, दोनदा.

मी खाली सरपटते, फरशीची थंडी पाठीतून आत येते.
इंजिनाच्या मागच्या अंगाला, हात जेमतेम पोचतो तिथे,
त्या सालच्या वायरींचं आवरण
शिळ्या पावासारखं बोटात चुरतं.
मीटर लावते. काटा शांत.
मग लेकीचा केस वाळवायचा ड्रायर लावते, गरम,
आणि काटा उडी मारतो, पडतो, उडी मारतो.
सापडलास.

जोडावर जुनी चिकटपट्टी होती.
वायरची नव्हे, जखमेवर लावतात ती, कातडीच्या रंगाची.
मी ती दिव्याखाली धरली.
"कुठल्या गाढवाने हे…"
एव्हर्ट टोपीच्या आत बघत होता.
"मी," म्हणाला. "मूसच्या शिकारीला निघालो होतो.
सोमवारी नीट करू म्हटलं."
"कुठल्या सोमवारी?"
"दोन हजार नऊ."

मी हसले नाही. म्हणजे लगेच नाही.
चौदा हिवाळे धरून होती ती पट्टी,
माझे काही डाग इतके टिकले नाहीत.

कापलं, डाग दिला, नळी चढवली.
बटण पाच सेकंद दाबून धरलं, सोडलं,
दिवा लागायची वाट बघून पुन्हा पाच:
जुनं विसर, असं सांगायची रीत.
"किती लक्षात ठेवते ती?" एव्हर्टने विचारलं.
"तीन तक्रारी. चौथीला जागा नाही."
"बिर्गितला तीनशे राहायच्या," तो म्हणाला,
आणि थर्मासचं झाकण उगाच दोनदा घट्ट केलं.

एक, एक, एक.
तक्रार नाही. बरी आहे असं नव्हे,
तूर्त काही म्हणत नाही, एवढंच.

चिकटपट्टी त्याने खिशात टाकली. पैसे मोजून दिले.
ठरलं असं: पुलापलीकडे गेला की एक रिंग देऊन ठेवायचं,
दोन आल्या, तर मी दोर घेऊन निघायचं.

अकराला पाच कमी असताना
फोन वाजला, एकदा.
थांबला.

हातातला पाना तसाच धरून
मी ते थांबणं मोजतेय.