टोंगळा

धंतोलीत, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद.
म्हणजे गुडघे दुखणारे सगळे जिना चढूनच येतात.

पहिल्या खाटेवर तुळसाबाई पराते.
चाळीस वर्षं मागाच्या खड्ड्यात पाय,
पावडी दाबून दाबून टोंगळे गेले.
दुसऱ्या खाटेवर सिग्रिद.
रंग तुळसाबाईंचा, मराठी शून्य.
एकोणऐंशी साली इथल्याच एका पाळण्यातून
अकरा महिन्यांची स्वीडनला गेली,
आता कागद शोधायला आली
आणि सरकारी पायरीवर गुडघा मुरगळून बसली.

तुमच्याकडे याला काय म्हणतात, मी विचारलं.
शेक लागेपर्यंत काहीतरी बोलावं लागतं.
क्ने, ती म्हणाली.
इंग्रजांनी यातला क लिहायला ठेवला, बोलायचा सोडला.
आम्ही अजून म्हणतो. क्. क्ने.
मला तो ओळखीचा वाटला,
माझ्या प्रत्येक पेशंटचा सांधा
सकाळी पहिल्या पावलाला हेच म्हणतो.

मग शाळेतला आजानुबाहू आठवला,
त्यातला जानू. एकाच घरचे दोघे,
एक बर्फात गेला, एक पोथीत राहिला.
टोंगळा कुठून आला, ते मात्र मला माहीत नाही.
पुण्याहून येणारे मोठे डॉक्टर म्हणतात,
फाइलवर गुडघा लिहा.

सिग्रिदचं संपलं नव्हतं.
क्ने म्हणजे मांडीसुद्धा, मूल बसतं ती.
जुन्या नॉर्समध्ये पिढ्या गुडघ्यांनी मोजत,
आणि परक्याचं मूल गुडघ्यावर बसवलं
की ते आपलं. त्याला क्रियापद आहे.
हल्ली ते बहुतेक कल्पनांसाठीच वापरतात, म्हणाली,
आणि हसली.

मी ते तुळसाबाईंना सांगितलं.
"त्यात काय नवाई? आमच्यात बी
मांडीवर घेतलं म्हणते ना बाप्पा."

कूलरच्या वाळ्याचा वास. मशीनची टिकटिक.
मग सिग्रिदनं हळूच विचारलं,
गुडघ्यावरून खाली ठेवण्याला
तुमच्याकडे शब्द आहे का?

मी शोधला. पट्टे सोडता सोडता शोधला.
तुळसाबाई आपली वाटी चोळत राहिल्या.
"सांग तिले," म्हणाल्या,
"डॉक्टरनं वजन नको घेऊ म्हटलं या टोंगळ्यावर.
नाई तं बसोलं असतं."

हे मी भाषांतर केलं नाही.
दोघी एकमेकींचा दंड धरून निघाल्या.
चढताना इतकं नाही, उतरताना जास्त दुखतं,
एवढंच मी जिन्याच्या तोंडाशी
दोन भाषांत सांगितलं.