खुडूक

यांनी उद्यमबागेत लेथवर एकतीस वर्षं काढली.
आता निवृत्त झालेत, खरं हात अजून कामावर जातात.
मजगावच्या आमच्या तीन गुंठ्यांत
कोंबड्यांचं खुराडं बांधलं तेही व्हर्नियर लावून.
दार एक सूत वाकडं आलंय म्हणून
रात्री बॅटरी घेऊन बघायला उठायचे.
कोंबड्यांची काही तक्रार नव्हती.

मग भंगारात एक टेम्पो ट्रॅव्हलर मिळाली,
केए बावीसची, शाळेची पोरं नेऊन दमलेली.
सीटांखाली पेन्सिलींची टोकं, चिंचोके,
एक लहान पांढरा मोजा.
फेकून देते म्हटलं, तर यांनी खिशात घातला.
म्हणाले, हिच्यात घर करायचं.
मी म्हटलं, आधी हाय ते घर रंगवा.

दोन वर्षं गेली.
घडीचा पलंग झाला, पाण्याची टाकी,
भिंतीत मुडपून जाणारं टेबल,
आणि ओटा, माझ्या कमरेच्या मापाचा.
मी भाकरी थापत असताना
मागून गुपचूप टेप लावला होता म्हणे.
तिथं मी निम्मी विरघळले. कुणाला सांगत नाही.

उरलेली निम्मी खडेबाजारात गेले
आणि यंत्रं घेऊन आले:
दोरी ओढायची कांदाचिरणी,
सात अंडी उकडायचा डबा,
तेलाविना तळायची भट्टी,
आणि चपातीचं यंत्र. दाबलं की नकाशा निघायचा,
रोज वेगळा.
हे ताटात घेऊन म्हणायचे,
ह्यात आपलं गाव कुठं आलं बग.

ठरलं. जांबोटीवरनं कणकुंबी, तिथं एक रात्र.
मेतकूट बांधलं, छत्र्या घेतल्या, कुलूप हातात,
आणि ड्रायव्हरच्या सीटखाली, पान्यांच्या पेटीत
कुकर बसलेली.
(अंडं द्यायच्या आधी तीन शिट्ट्या मारते,
म्हणून ते नाव.)
हात घातला तर मनगटावर टोच.
आत किती ते बोटांनीच मोजलं यांनी: अकरा.

इंजिन तीनदा उतरवून चढवलेला माणूस
किल्ली हातात घेऊन उभाच राहिला.
मला वाटलं, पेटी उचलतील.
यांनी कॅलेंडर उचललं.
एकवीस घरं मोजून पेन्सिलीनं एक गोल काढला.

मग काय, सहल शेवग्याखालीच झाली.
घराच्या खिडकीतनं गाडीत वायर,
रात्री निजायला घडीच्या पलंगावर,
सकाळी पोहे त्या ओट्यावर.
शांतव्वा कुंपणावरनं विचारायची,
एल्लिगे होंटीरी?
हे स्टेअरिंगवर हात ठेवून सांगायचे, इल्ले!
ती हसून आपल्या म्हशीकडे जायची.

एकदा रात्री लाईट गेली.
भट्टी गेली, पंखा गेला,
उकडायचा डबा अर्ध्यात थंड.
अंधारात सीटखालून तेवढी घुरघुर.
यांनी टोच खाऊन हाताची मागची बाजू आत लावली,
बराच वेळ.
साडेसदतीस, म्हणाले.
वीस दिवस झाले, पिन न लावता.
मला तेवढं कधी जमलं नाही गं.
काय बोलायचं ते मला सुचलं नाही,
मी पाय त्यांच्या पायावर ठेवला.

नऊ फुटली. दोन नाही.
ती दोन यांनी शेवग्याच्या बुडाशी पुरली,
पहार न घेता, उलथन्यानं.

आई उठून दाणे टिपायला गेली
तेव्हा पेटीत टरफलं होती, पिसं होती,
आणि सगळ्यांच्या खाली, दाबून मऊ झालेला
तो मोजा.

खिशातनं पेटीत कधी ठेवलात, मी विचारलं नाही.
धुतला. तारेवर घातला.
एकाच मोज्याला दोन चिमटे लावले.
शांतव्वानं कुंपणावरनं बघितलं
आणि म्हशीला उगीचच हाक मारली.

दुपारी हे म्हणाले,
पिल्लांना उतरायला पायरी पाहिजे,
कणकुंबीला उतरतील कशी?
टेप काढून बसले दाराशी,
आणि नऊजणं टेपवरनंच इकडनं तिकडं.
माप काही लागेना.