बारा फुटांना दोन बोटं

चर मीच खणून घेतला होता,
सरळ, वरून खाली, भांग पाडावा तसा.
जेसीबीवाला म्हणाला, ताई, तासाभराचं काम.
तासाभरातच झालं.
आंब्याच्या रोपांपाशी पाणी साचायचं,
मुळं कुजत होती, पानं पिवळी,
म्हटलं, काढून द्यावं पाणी.
काढून द्यावं,
पण कुठे, हे त्या वाक्यात नव्हतंच.
शाळेत भूगोल मीच शिकवते.
पाणी उताराकडे वाहते. एक गुण.

पहिल्या वर्षी चर वीतभर खोल.
पुढच्या वर्षी गुडघ्याएवढा.
तिसऱ्या वर्षी वासरू पडलं त्यात,
दोरानं ओढून काढावं लागलं.
आधी ओघळ म्हणायचो,
कधीतरी घळ म्हणू लागलो,
कोणी ठरवलं नव्हतं.

खाली लहानू भोयेचं भातखाचर.
त्याच्या आज्यानं रचायला घेतलेली दगडी ताल
एका रात्रीत मधोमध फुटली.
सकाळी त्याच्या ताज्या आवणीवर
माझा मुरूम, माझे खडे,
मी रोपांना घातलेलं शेणखत,
आणि माझी डाव्या पायाची चप्पल.
ती त्यानं माझ्या बांधावर आणून ठेवली,
पालथी.
बोलला काही नाही.
मग सोळा महिने बोलला नाही.

उरलेली माती दमणगंगेला लागली असेल,
पेठचा डोंगर उतरून गुजरातेत गेली असेल,
तिकडे कुणाच्या तरी वांग्यांखाली
बरी असेल.

मैना खंबाईत पाणलोटाच्या कामांवर मुकादम होती.
करंजाळीच्या बाजारात तिला गाठलं.
ती आली दोन काठ्या घेऊन, खुणा केलेल्या,
आणि खांद्यावर पारदर्शक नळीचं वेटोळं.
नळीत पाणी भरलं, टिचक्या मारमारून
एकेक बुडबुडा वर काढला.
बुडबुडा राहिला तर नळी खोटं बोलते, म्हणाली.
मग इकडेतिकडे बघत,
हे एकटीचं काम नाही, बाई.
दुसरी काठी कोण धरणार?

मी काही बोलायच्या आत तिनं हाक मारली खाली.
लहानू आला.
काठी धरली, माझ्याकडे न बघता.
बारा फुटांवर तो, इकडे मी,
मधे लोंबणारी नळी.
दोन्ही टोकांचं पाणी जरा वरखाली झालं,
मग थांबलं.
मैना वाकून आकडे वाचत होती.
लहानू म्हणाला, "खाली."
सोळा महिन्यांनी हा एक शब्द,
तोही काठीबद्दल.
मी खाली सरकले.
"अजून."
सरकले.
"बास. दोन बोटं."

दुपारपर्यंत राखेची रेघ डोंगराला आडवी गेली,
वाकडी, कुठे पोटात घेऊन, कुठे खडकाला वळसा घालून.
माझ्या डोळ्यांना ती चढावर जाते असं वाटत होतं.
डोळ्यांचं ऐकू नका, मैना म्हणाली,
त्यांनीच तर तो चर सरळ काढला.

माती खालच्या अंगाला टाकली, वर वाळा लावला.
घळीत दगडांचे आडवे बांध घातले, पाच,
मध्ये खोलगट, कडांना उंच,
नाहीतर पाणी कड खातं.
मोठे दगड लहानूनं बसवले,
मी बसवलेले तीन त्यानं
मुकाट्यानं उपटून पुन्हा बसवले.

श्रावणात चार दिवस उघडीप नव्हती.
दुसऱ्या बांधामागे गाळ धरला, पायाखाली मऊ.
पाचवा वाहून गेला, अर्धा.
तीन रोपं तरीही मेली.
लहानूच्या खाचरात आलेलं पाणी
अगदी निवळ होतं असं नाही,
पण त्यात खडे नव्हते.

चौथ्या रात्री दारावर बॅटरीचा उजेड.
"ताई, तिसऱ्याचा डावा दगड हलतोय."
पहार घेतली, बाहेर पडले.
उंबऱ्यावरून पुढे गेल्यावर कळलं,
पाय अनवाणीच आहेत.
तो पुढे चालला होता.
उजेड मात्र मागे धरून,
माझ्या पायांपुढे.